लहान नेच्यांची दुर्मीळता आणि जमिनीखालचे जीवन

एखादी वनस्पती दुर्मीळ आहे असे आपण लिहितो तेव्हा त्या एका विशेषणात निदान तीन निरनिराळे अर्थ मिसळलेले असतात. ती वनस्पती खरोखरच थोड्या ठिकाणी वाढत असेल; ती पुष्कळ ठिकाणी असूनही प्रत्येक ठिकाणी तिची संख्या अल्प असेल; किंवा ती केवळ पाहणाऱ्याच्या दृष्टीस क्वचित पडत असेल. मोठ्या वृक्षाच्या बाबतीत तिसऱ्या अर्थाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. बोटाच्या पेराएवढ्या नेच्याच्या बाबतीत मात्र हे तीन अर्थ एकमेकांपासून वेगळे करणे हेच अभ्यासकाचे पहिले काम ठरते. त्यातही ज्या नेच्यांच्या आयुष्याचा बराच भाग जमिनीखाली जातो, त्यांच्याविषयी केवळ वर दिसणाऱ्या पानांच्या आधारे काढलेले निष्कर्ष कितपत ग्राह्य मानावे, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात ऑफिओग्लॉसेसी या कुलातील नेच्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

नेहमीचे नेचे आणि त्यांचे जीवनचक्र

या कुलाचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी प्रथम नेहमीच्या नेच्यांकडे पाहणे इष्ट होईल, आणि त्यासाठी मुंबईबाहेर जाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात गिरगावातील जुन्या चाळींच्या भिंती, परळ-लालबाग भागातील जुन्या दगडी आवारभिंती आणि पाण्याच्या नळांखालचे ओलसर कोपरे यांवर नेचे उगवलेले दिसतात. चुन्याच्या दर्जांमधून टेरिस व्हिटाटा हा नेचा हमखास डोके वर काढतो. चुना असलेली जागा त्याला विशेष मानवते. काळ्या चकचकीत देठांच्या ॲडिअँटम वंशातील नेचेही अशा भिंतींवर आढळतात. ही रोपे तेथे कोणी लावलेली नसतात. नेच्याचे बीजुक अत्यंत सूक्ष्म व हलके असून वाऱ्याबरोबर ते दूरवर जाते. ओल व प्रकाश मिळताच ते रुजते व त्यापासून नखाएवढी, हिरवी, हृदयाकृती चकती तयार होते. हीच त्या नेच्याची गंतुकधारी पिढी. तिच्या खालच्या अंगास असलेल्या इंद्रियांत शुक्राणू व अंडी निर्माण होतात, पाण्याच्या पातळ थरातून शुक्राणू पोहत अंड्यापर्यंत जातो आणि फलनानंतर आपल्या परिचयाचे पाने असलेले रोप, म्हणजे बीजुकधारी पिढी, वाढू लागते.

या चक्रातील महत्त्वाची गोष्ट अशी की, गंतुकधारी पिढी हिरवी असल्यामुळे आपले अन्न आपण तयार करते. तिला लागते ती ओल, थोडा प्रकाश आणि काही आठवड्यांची सवड. मुंबईच्या पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी भिंतीवरही मिळतात. म्हणूनच जेथे मातीचा कण नाही अशा ठिकाणीही हे नेचे शहरात टिकून राहतात.

ऑफिओग्लॉसेसी कुलाचे वेगळेपण

ऑफिओग्लॉसेसी कुलातील वनस्पती याच्या अगदी उलट प्रकृतीच्या आहेत. ऑफिओग्लॉसम हे नाव ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ सापाची जीभ असा आहे. या वंशातील वनस्पतीस बहुधा एका वेळी एक किंवा दोनच पाने येतात. प्रत्येक जननक्षम पानाचे दोन भाग असतात. एक भाग साधा, अखंड, हिरव्या पात्याचा. आणि त्याच्या बुडाशी निघून सरळ वर जाणारा दुसरा भाग कणिशासारखा, ज्याच्या दोन्ही कडांस बीजुककोश ओळीने रुतलेले असतात. पात्यातील शिरांची रचना जाळीदार असते. नेच्यांचे कोवळे पान घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले असते, हे लक्षण प्रत्येक विद्यार्थी शिकतो. या कुलात मात्र पान तसे गुंडाळलेले नसते. मुळांवर मूलरोम नसतात. बीजुककोशाची भित्ती अनेक थरांची असते, तो फुटण्यासाठी इतर नेच्यांत असते तसे कोशिकांचे कडे नसते आणि एका कोशात बीजुकांची संख्या फार मोठी असते. या लक्षणांमुळे हे कुल नेच्यांच्या एका प्राचीन शाखेत गणले जाते.

तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण लक्षण आहे ते गंतुकधारी पिढीचे. या कुलात ती जमिनीखाली वाढते. तिच्यात हरितद्रव्य नसते. ती फिकट, मांसल, दंडगोलाकार किंवा गाठीसारखी असते आणि प्रकाशापासून दूर मातीतच तिचे आयुष्य जाते. स्वतःचे अन्न तयार करण्याची क्षमता नसल्यामुळे तिचे पोषण सर्वस्वी तिच्या शरीरात वास करणाऱ्या कवकावर अवलंबून असते. १९७० नंतरच्या दशकांत प्रयोगशाळेत झालेल्या कामावरून असे दिसून आले की, या कुलातील बीजुकांना रुजण्यासाठी अंधार लागतो. भिंतीवरच्या नेच्याला जे साहाय्यक, तेच येथे प्रतिबंधक ठरते. बीजुकाला प्रथम मातीच्या फटींतून खाली झिरपावे लागते, तेथे ते रुजते, काही कोशिकांपर्यंत वाढते, आणि त्या अवस्थेत योग्य कवकाशी गाठ पडली तरच पुढील वाढ होते. गाठ न पडल्यास ती वाढ तेथेच थांबते.

हे कवक बहुतेक हरित वनस्पतींच्या मुळांत आढळणाऱ्या ग्लोमस व तत्सम गटांतील असते. २००७ मध्ये बोट्रिकियम या याच कुलातील वंशावर झालेल्या आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने गंतुकधारी व बीजुकधारी अशा दोन्ही पिढ्यांतील कवकांचे हे स्वरूप स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, शेजारच्या हरित वनस्पतींनी तयार केलेले अन्न कवकाच्या तंतूंमार्फत या फिकट गाठीपर्यंत पोहोचण्याची वाट खुली आहे. तेव्हा या नेच्याचे अस्तित्व त्याच्या एकट्याचे नाही. ते कवकावर आणि कवकामार्फत सभोवतालच्या वनस्पतिसमूहावर आधारलेले आहे. हिरवे पान आल्यानंतरही ही सोबत सुटत नाही. एखाद्या वर्षी पान वर न आणता रोप जमिनीखालीच राहिल्याची उदाहरणे बोट्रिकियम वंशात नोंदलेली आहेत.

महाराष्ट्रातील नोंदी

आपल्याकडील नेच्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा एक महत्त्वाचा टप्पा दक्षिण मुंबईत घडला. धोबी तलावाजवळील सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लाटर आणि जे. एफ. डालमेडा यांचा 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ १९२२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील सुप्रसिद्ध ग्रंथ सपुष्प वनस्पतींपुरता मर्यादित असल्याने ही उणीव भरून काढणे आवश्यक होते. ग्रंथाच्या नावातील 'बॉम्बे' म्हणजे मुंबई शहर नव्हे, तर तत्कालीन मुंबई इलाखा, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्याने विसरू नये. सिंध, गुजरात, कोकण, देश व उत्तर कानडा एवढा विस्तीर्ण प्रदेश त्या नावात सामावलेला होता. त्यातील एखादी जाती मुंबईच्या बेटावर सापडत असे आणि आता नाहीशी झाली, असा निष्कर्ष केवळ शीर्षकावरून काढणे चुकीचे होईल. ब्लाटर यांच्या नावाने ओळखला जाणारा शुष्क वनस्पतींचा संग्रह याच महाविद्यालयात आजही जतन केलेला असून पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासकास त्याच्याकडे वळावेच लागते.

पुढे ऑफिओग्लॉसम वंशाकडे विशेष लक्ष पुरविले ते पुणे विद्यापीठातील प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी. भारतातील ऑफिओग्लॉसमच्या जाती, त्यांचे वर्गीकरण आणि जातिविकास यांवरील त्यांचा निबंध १९६२ मध्ये भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात आढळणाऱ्या जातींपैकी ऑ. रेटिक्युलाटम रुंद, हृदयाकृती पात्यावरून ओळखता येते. ऑ. कोस्टाटमचे खोड कंदासारखे गोलसर असते व पात्याच्या मध्यभागी फिकट पट्टा दिसतो. ऑ. ग्रामिनियमचे पाते गवताच्या पातीसारखे अरुंद असते, आणि ऑ. न्यूडिकॉले ही तर काही सेंटिमीटरांपलीकडे न जाणारी चिमुकली जाती आहे. पहिले पाऊस जमिनीत मुरल्यावर कोकणातील जांभ्या दगडाचे सडे, घाटमाथ्यावरील पठारे, गवताळ उतार आणि जंगलाच्या कडा येथे ही पाने दिसू लागतात, आणि पावसाळा सरता सरता ती वाळून नाहीशी होतात. वर्षातील उरलेले आठ-नऊ महिने ही वनस्पती केवळ मातीतील खोड व मुळे यांच्या रूपाने जगत असते.

या वंशात जाती ओळखण्याचे काम सोपे नाही. रचना अत्यंत साधी असल्याने भेद करण्याजोगी लक्षणे थोडी आणि तीही जागेप्रमाणे बदलणारी. त्यात गुणसूत्रांची स्थिती विलक्षण आहे. त्रिवेंद्रम येथील ए. अब्राहम व सी. ए. निनान यांनी १९५४ मध्ये ऑ. रेटिक्युलाटमच्या गुणसूत्रांविषयीची नोंद 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेथील नमुन्यात द्विगुणित संख्या सुमारे १२६० आढळली होती. १९९० मध्ये याच जातीच्या बाबतीत १४४० एवढी संख्या नोंदली गेली. मनुष्याच्या कोशिकेत ४६ गुणसूत्रे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे प्रमाण कळते. एवढी गुणसूत्रे न्यूनीकरण विभाजनाच्या वेळी जोडीजोडीने येऊन बीजुके तयार व्हावीत ही गोष्ट आश्चर्यकारक आहे. परंतु येथे तिचे महत्त्व वेगळे आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या रोपांमध्ये गुणसूत्रसंख्येची मोठी तफावत असू शकते, आणि म्हणून आपण एक जाती म्हणून ज्यांची गणना करतो तो प्रत्यक्षात अनेक अलग समूहांचा मेळा असणे शक्य आहे. मग त्यातील एखादा समूह दुर्मीळ असूनही सर्वांच्या एकत्र नावाखाली झाकला जातो.

शोध अजून संपलेला नाही याचा पुरावा अलीकडचाच आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या डांग जिल्ह्यात आहवा परिसरातून ऑफिओग्लॉसम माल्वी ही नवी जाती २०१८ मध्ये वर्णिली गेली. तिची उंची जेमतेम एक सेंटिमीटर आहे. डांग हा सह्याद्रीच्या उत्तर टोकाचा प्रदेश. १९६० पर्यंत तो मुंबई राज्यातच होता आणि वनस्पतिशास्त्रज्ञांची त्या भागात ये-जा नव्हती असे नाही. तरीही ही वनस्पती इतकी वर्षे नोंदीबाहेर राहिली. ती दुर्मीळ होती की केवळ दुर्लक्षित, हे ठरविण्यासाठी पुष्कळ पावसाळे खर्ची घालावे लागतील.

उत्तर अमेरिकेतील एक बोधप्रद उदाहरण

जमिनीखालील जीवन बिघडले म्हणजे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण याच कुलातील एका दूरच्या नातलगाने पुरविले आहे. बोट्रिकियम मोर्मो हा उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरात, मुख्यतः मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन या राज्यांत आढळणारा नेचा वॅग्नर दांपत्याने १९८१ मध्ये नवी जाती म्हणून प्रसिद्ध केला. 'मोर्मो' हा शब्द ग्रीक कथांतील बागुलबोवाचा वाचक आहे. साखर-मेपल व बासवूड यांसारख्या रुंदपर्णी वृक्षांच्या जुन्या, परिपक्व जंगलात पालापाचोळ्याच्या जाड थरात हा नेचा राहतो. त्याची उंची काही सेंटिमीटरांची, रंग पिवळट हिरवा. आणि कित्येकदा तो पाचोळ्याच्या वरही येत नाही. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ हातांनी पाचोळा हलकेच बाजूस सारून त्याचा शोध घेतात.

या प्रदेशावर हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर होते. बर्फ मागे हटल्यानंतर तेथे जी जंगले वाढली ती गांडुळांवाचून वाढली. पाचोळा कुजण्याचे काम तेथे कवके व सूक्ष्मजीव संथपणे करीत आणि त्यामुळे जमिनीवर सेंद्रिय द्रव्याचा जाड, सच्छिद्र थर साचून राही. युरोपीय वसाहतींच्या काळात कुंड्यांतील माती, जहाजांत भार म्हणून भरलेली माती व पुढे मासे पकडण्याचे आमिष यांच्याबरोबर युरोपातील गांडुळे तेथे पोहोचली. त्यांतील लुंब्रिकस रुबेलस ही जाती पाचोळ्याचा थर झपाट्याने खाऊन खालच्या मातीत मिसळते. मिनेसोटामधील चिपेवा राष्ट्रीय वनात केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेथे हे गांडूळ पोहोचले तेथे सेंद्रिय थर पातळ झाल्याचे आणि बोट्रिकियम मोर्मोची स्थानिक वस्ती नाहीशी होण्याशी त्याचा संबंध असल्याचे दिसून आले.

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे वाक्य शाळेपासून आपल्या मनावर बिंबलेले असते, आणि शेताच्या संदर्भात ते खरेही आहे. येथे त्याच प्राण्याच्या त्याच कृतीने एका वनस्पतीचा आश्रय हिरावून घेतला. एखाद्या जीवाचा उपकार किंवा अपकार त्याच्या स्वभावात नसून तो ज्या ठिकाणी येतो तेथील पूर्वेतिहासात असतो, असे यावरून म्हणता येईल. पण याहूनही लक्षणीय गोष्ट ही की, या सर्व घडामोडीत जंगलातील मोठे वृक्ष जागच्या जागी उभे होते. झाडे तोडली गेली नाहीत, जंगलाची सीमा आक्रसली नाही. नकाशावर किंवा विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत काहीच बदल दिसला नसता. बदल झाला तो तळहातभर जाडीच्या थरात, आणि तेवढ्याने एका जातीच्या जगण्याचा आधार गेला.

आपल्या प्रदेशासाठी निष्कर्ष

हे उदाहरण जसेच्या तसे महाराष्ट्राला लावणे योग्य होणार नाही. आपल्या मातीत देशी गांडुळे पुरातन काळापासून आहेत, आणि आपले ऑफिओग्लॉसम बहुतांशी दाट जंगलाच्या पाचोळ्यात नसून उघड्या, उथळ मातीच्या जागांवर वाढते. समान आहे ते तत्त्व. वनस्पतीचा जो भाग आपण पाहतो तो तिच्या आयुष्याचा अल्पांश असून निर्णायक अवस्था जमिनीत घडते. म्हणून तिच्या रक्षणाचा अर्थ जमिनीच्या त्या थराचे रक्षण असाच करावा लागतो.

सड्यांवरील माती काही बोटांच्या जाडीची असते. जांभा दगडाच्या खाणीसाठी ती प्रथम खरवडून काढली जाते. वाहनांच्या चाकांखाली आणि पावसाळ्यात पठारांवर लोटणाऱ्या गर्दीच्या पायांखाली ती दाबली जाऊन तिच्यातील फटी बुजतात. आणि अशा जागा महसुली नोंदींत पडीक म्हणून गणल्या गेल्या असल्यास त्यांवर खड्डे खणून वृक्षलागवड करणे हे पुण्यकर्म समजले जाते. वृक्ष लावणे इष्ट खरे; परंतु गवताळ सड्यावर खणलेला प्रत्येक खड्डा तेथील गंतुकधारी पिढीच्या दृष्टीने उत्पातच होय. वाऱ्याबरोबर नवी बीजुके पुन्हा येतील, अशी आशा बाळगणारे एक गोष्ट विसरतात. तोच वारा मुंबईवरूनही वाहतो. दादर वा परळच्या भिंतींवर टेरिस व ॲडिअँटम वाढतात, कारण त्यांना भिंत पुरते. ज्याला वर्षानुवर्षे न ढवळलेली, कवकाने व्यापलेली माती हवी त्याला बीजुकांच्या विपुलतेचा काही उपयोग नाही. या कुलात उणीव बीजुकांची नसते, ती रुजण्याजोग्या जमिनीची असते.

नोंदी घेण्याच्या पद्धतीबाबतही काही गोष्टी यातून निष्पन्न होतात. पहिली म्हणजे, पाहणीचा महिना नोंदल्याशिवाय 'आढळली नाही' या शब्दांना काहीच किंमत नाही. एखाद्या पठाराची पाहणी जानेवारी ते मे या काळात झाली तर तेथे ऑफिओग्लॉसम नाही असेच लिहिले जाणार, आणि त्या अहवालाच्या आधारे खाणीस किंवा रस्त्यास अनुमती मिळाली तर जी जाती कोणी पाहिलीच नाही ती नष्ट होणार. दुसरी गोष्ट, पावसाळ्यातदेखील एका वर्षीची अनुपस्थिती हा अभावाचा पुरावा मानू नये. एकाच जागेस लागोपाठ काही वर्षे भेट देणे अवश्य आहे. तिसरी गोष्ट, पानांची मोजणी म्हणजे रोपांची मोजणी नव्हे. ऑफिओग्लॉसमच्या मुळांवर कळ्या येऊन त्यांपासून नवी रोपे निघतात, त्यामुळे हातभर जागेत दिसणारी पन्नास पाने एकाच मूळ रोपाची संतती असू शकतात. संख्या मोठी दिसली तरी आनुवंशिक दृष्ट्या ती वस्ती अगदी लहान असेल.

चौथी गोष्ट नमुने गोळा करण्यासंबंधी आहे. या वंशात खोडाचा आकार हे ओळखीचे एक प्रमुख लक्षण असल्याने नमुना मुळासकट घेण्याची प्रथा पडली आहे, आणि संग्रहातील जुन्या नमुन्यांची उपयुक्तता त्यामुळेच टिकली आहे. परंतु वस्ती लहान असेल तेथे एक नमुना पुरेसा मानून बाकीच्यांची छायाचित्रे, मोजमापे आणि परिपक्व कणिशातील थोडी बीजुके घेणे अधिक विवेकाचे ठरेल. बीजुकांच्या पृष्ठभागावरील नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली जातिनिश्चितीस मोठे साहाय्य करते. खणलेली माती पुन्हा जागच्या जागी दाबून बसविणे हेही संग्राहकाचे कर्तव्य आहे. शेवटी, नोंदीत केवळ गावाचे नाव न देता मातीची खोली, ओल, सावली आणि शेजारच्या वनस्पती यांचा उल्लेख असावा. कवकामार्फत शेजाऱ्यांवर अवलंबून असलेल्या वनस्पतीच्या बाबतीत शेजाऱ्यांची यादी हा तिच्या वर्णनाचाच भाग समजला पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामाचे विस्तृत क्षेत्र आहे. महाराष्ट्रातील निरनिराळ्या सड्यांवरील ऑफिओग्लॉसमच्या गुणसूत्रसंख्या, त्यांच्या गंतुकधारी पिढीतील कवकांची ओळख आणि एकाच वस्तीचे अनेक पावसाळ्यांतील निरीक्षण, ही तिन्ही कामे अल्प साधनांत आरंभता येण्याजोगी आहेत. मुंबईतील विद्यार्थ्याला धोबी तलावाच्या संग्रहातील नमुन्यांवरील स्थळे व तारखा उतरवून घेऊन त्या त्या स्थळी त्याच महिन्यात पुन्हा जाता येईल. एखादी जाती खरोखरच विरळ होत आहे किंवा कसे, हे सांगण्याचा याहून सरळ मार्ग नाही. मात्र त्यासाठी ती स्थळे न उकरलेली, न दाबलेली, पूर्वीच्याच मातीसह शिल्लक असली पाहिजेत.